मोठ्या विमानाला धावपट्टी नेमकी किती लागते?

मुलुंडकर यांचा प्रश्न

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला परतलो. दोन्ही वेळा विमान बोइंग 777-300 ईआर होते. जाताना रात्रीचे उड्डाण होते. विमान धावू लागले की मनातल्या मनात आकडे मोजायची माझी जुनी सवय आहे. एरवी दिल्लीला किंवा बंगळुरूला जाताना पस्तिशीच्या आत चाके सुटतात. या वेळी सत्तेचाळीस झाले तरी आम्ही जमिनीवरच होतो, आणि खिडकीला गाल लावून पुढे पाहिले तर धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढऱ्याचे पिवळे झालेले दिसले. त्यानंतर दोन-तीन सेकंदांत विमान उचलले गेले.

येताना पाऊस कोसळत होता. विमान इतक्या जोरात टेकले की आमच्या डोक्यावरचा सामानाचा कप्पा आपोआप उघडला, पाठोपाठ इंजिनांची कानठळ्या बसवणारी घरघर सुरू झाली आणि सगळे पुढे झुकले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नवशिका दिसतोय कोणीतरी."

माझ्या शंका अशा आहेत. मुंबईची धावपट्टी एवढ्या मोठ्या विमानांना अपुरी पडते का? उड्डाणाच्या वेळी ती जवळजवळ संपेपर्यंत विमान धावत असेल, तर ऐन वेळी इंजिन बंद पडल्यास काय होते? उतरताना आपटण्याचे कारण वैमानिकाचे कौशल्य कमी असणे हेच असते का? आणि पुण्याहून अमेरिकेचे थेट विमान नसण्याचे कारण धावपट्टीच आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

व्योमगणित यांचे उत्तर

मुलुंडकर, आपले पिवळ्या दिव्यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यावरून आपले विमान कुठे होते हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते. मी काही वर्षे एका विमान कंपनीत याच हिशोबाचे काम करत होतो, म्हणून उड्डाणाचा भाग मी घेतो. उतरण्याबद्दल प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्यांनी लिहिलेले बरे.

मुंबईची मुख्य धावपट्टी 09-27 ही सुमारे 3,448 मीटर लांब आहे. धावपट्टीच्या कडेचे दिवे शेवटच्या 600 मीटरमध्ये पिवळे असतात, म्हणजे आपल्याला पिवळे दिवे दिसू लागले तेव्हा विमानाने पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर कापलेले होते. आता नियमाकडे पाहू. सर्व इंजिने ठणठणीत असताना, धावायला सुरुवात केल्यापासून 35 फूट उंची गाठेपर्यंत जे अंतर लागते, त्यात आणखी 15 टक्के मिळवले तरी ते उपलब्ध लांबीत बसलेच पाहिजे. 3,448 ला 1.15 ने भागल्यास जवळपास 3,000 मीटर येतात. म्हणजे आपले विमान तीन किलोमीटरच्या खुणेवर पस्तीस फूट वर असणे अपेक्षित होते आणि आपण केलेले वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते. आपल्याला जे "संपत आलेली धावपट्टी" वाटले, ते कागदावर आधीच आखून ठेवलेले होते.

इंजिन बंद पडण्याची शंका हाच या सगळ्या हिशोबाचा गाभा आहे. प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग ठरवला जातो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगाच्या आत काही बिघडले तर थांबायचे आणि उरलेल्या धावपट्टीत थांबता आले पाहिजे. तो वेग ओलांडल्यावर बिघडले तर थांबण्याचा विचारही करायचा नाही. उरलेल्या एका इंजिनावर वेग वाढवत जायचे आणि धावपट्टी संपेपर्यंत 35 फुटांवर पोहोचायचे, ओल्या धावपट्टीवर 15 फुटांवर. या तिन्ही अंतरांपैकी जे सर्वांत मोठे येईल ते धावपट्टीत बसेपर्यंत विमानाचे वजन कमी केले जाते. प्रवासी, सामान किंवा इंधन यांपैकी काहीतरी उतरवले जाते. म्हणून "या विमानाला किती धावपट्टी लागते" या प्रश्नाला एक आकडा नसतो. त्या दिवशीचे वजन, तापमान, वारा आणि पाणी कळल्याशिवाय तो सांगताच येत नाही.

वजनाचा परिणाम किती असतो ते पाहा. 777-300 ईआर जास्तीत जास्त सुमारे 351 टन वजनाने उडू शकते, पण उतरताना ते सुमारे 251 टनांच्या आत असावे लागते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जायला शंभर टनांहून अधिक इंधन लागते, आणि आपण मुंबईत परत उतरलात तेव्हा त्या वाटेचे तेवढेच इंधन जळून गेलेले होते. जाताना आणि येताना आपण एकाच प्रकारच्या विमानात बसलात खरे, पण धावपट्टीच्या दृष्टीने ती दोन निराळी विमाने होती.

यात एक गंमतही आहे, जी प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. विमान हलके असेल, धावपट्टी भरपूर असेल, तर वैमानिक इंजिनांची पूर्ण ताकद वापरतच नाहीत. बाहेर 30 अंश तापमान असताना संगणकाला ते 50 अंश आहे असे मानायला सांगितले जाते, आणि इंजिने त्या तापमानाला जेवढी ताकद देतील तेवढीच देतात. यात 25 टक्क्यांपर्यंत कपात करण्याची मुभा असते. इंजिनाचे आयुष्य वाढते, दुरुस्तीचा खर्च वाचतो. धावपट्टीवर पाणी साचलेले किंवा चिखल असेल तर मात्र ही सवलत नसते. त्यामुळे एखादे विमान लांबपर्यंत धावले, म्हणजे ते कसेबसे उडाले असे समजू नये. धावपट्टी हाताशी आहे म्हणून ती वापरलेली असते. आपल्या उड्डाणात वजन खरोखरच मोठे असल्यामुळे फारशी कपात केलेली नसावी, असा माझा अंदाज आहे.

ढगाआड यांचे उत्तर

उतरण्याबद्दल मी लिहितो. हा माझा रोजचा व्यवसाय आहे.

शेजारच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचे मत बरोबर नाही. भर पावसात मऊसूत उतरणारा वैमानिक टाळ्या मिळवतो आणि उतरल्यावर वरिष्ठांकडून चार शब्द ऐकून घेतो. कारण समजून घ्या.

विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते आणि धावपट्टीचा उंबरठा सुमारे 50 फुटांवरून ओलांडते. मुंबईसारख्या लांब धावपट्टीवर उंबरठ्यापासून 400 मीटरवर दोन जाड पांढरे पट्टे रंगवलेले असतात; आमची नजर त्यांच्यावर खिळलेली असते. टेकायचे ते पहिल्या 900 मीटरच्या आत, आणि तेवढ्यात टेकणे शक्य दिसत नसेल तर पुन्हा वर जायचे, असा दंडक आहे. मोठ्या विमानाचा तेव्हाचा वेग 140 नॉटच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला 72 मीटर. मऊ टेकण्याच्या मोहात विमान जमिनीपासून दोन हातांवर पाच सेकंद तरंगत राहिले, तर 360 मीटर धावपट्टी मागे पडते. ती नंतर कुठूनही परत मिळत नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू शकतो. हे किती वेगाला घडते, याचा ढोबळ नियम असा: टायरमधला दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्या, त्याचे वर्गमूळ काढा, नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये येते. दाब 200 असेल तर 127 नॉट येतात. आपले टेकणे त्याहून जास्त वेगाला होते, म्हणजे पहिले काही सेकंद विमान तरंगण्याच्या कक्षेतच असते. म्हणून चाके ठामपणे रोवायची, म्हणजे ती पाणी फोडून खालच्या डांबराला भिडतात आणि लगेच फिरू लागतात. चाकांवर वजन पडल्याची खात्री पटली की पंखांवरच्या झडपा, ज्यांना आम्ही स्पॉइलर म्हणतो, ताडकन उभ्या राहतात, पंखांची उचल नाहीशी होते आणि विमानाचा सगळा भार चाकांवर येतो. ब्रेकला पकड मिळते ती त्या भारामुळे. हलके टेकल्यास ही साखळी उशिरा सुरू होण्याची शक्यता असते.

इंजिनांच्या घरघरीबद्दलही एक समज दुरुस्त करायला हवा. अनेकांना वाटते की विमान त्या उलट्या झोतानेच, म्हणजे इंजिनांतली हवा पुढच्या दिशेला वळवूनच, थांबते. प्रत्यक्षात कोरड्या धावपट्टीवर थांबवण्याचे मुख्य काम ब्रेकच करतात. स्वयंचलित ब्रेक ठरावीक गतीने वेग कमी करत असतात; इंजिनांनी मदत केली तर ते तेवढे सैल होतात, त्यामुळे थांबण्याचे अंतर तेवढेच राहते आणि ब्रेक कमी झिजतात. कोरड्या धावपट्टीच्या प्रमाणित अंतरात तर उलट्या झोताचा हिशोबच धरलेला नसतो. पावसात मात्र चित्र पालटते. टायरला पकड नसेल तेव्हा टायरवर अवलंबून नसलेली ही एकच ताकद हाताशी उरते, म्हणून ती पहिल्याच क्षणी पूर्ण वापरायची.

एअरबस ए380 हे याचे चांगले उदाहरण आहे. चार इंजिनांपैकी फक्त आतल्या दोन इंजिनांनाच उलट्या झोताची सोय आहे, तरी ते आपल्या 777 इतक्याच धावपट्टीत थांबते, कारण पंख अवाढव्य असल्यामुळे उतरण्याचा वेग 140 नॉटच्या आसपासच राहतो आणि खाली वजन वाटून घ्यायला 22 चाके असतात.

नियमांत राखीव अंतरही भरपूर असते. निघण्यापूर्वीच्या हिशोबात विमान उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत थांबले पाहिजे, आणि तिथे धावपट्टी ओली असण्याचा अंदाज असेल तर लागणारी लांबी आणखी 15 टक्क्यांनी वाढवली जाते. मुंबईची पूर्ण लांबी उपलब्ध धरली तर कोरड्यात सुमारे 2,070 आणि ओल्यात सुमारे 1,800 मीटरमध्ये थांबता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

ठाणे_पूर्व यांची शंका

एवढे राखीव अंतर असते तर मग विमाने धावपट्टीबाहेर जातात कशी? जुलै 2019 मध्ये मुंबईतच एक विमान पावसात पुढे घसरत गेले आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली, हे सर्वांना आठवत असेल.

ढगाआड यांचे उत्तर

रास्त शंका आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. 2019 चे मुंबईचे विमान, मे 2010 चे मंगळूरचे विमान आणि ऑगस्ट 2020 चे कोळिकोडचे विमान, ही तिन्ही बोइंग 737-800 होती, म्हणजे मधोमध एकच वाट असलेली मध्यम आकाराची विमाने. "मोठ्या विमानाला धावपट्टी पुरत नाही" हा समज या घटनांवरून सिद्ध होत नाही.

मंगळूरला सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीवर विमान जवळपास 5,200 फूट पुढे जाऊन टेकले. कोळिकोडला 8,858 फुटांपैकी 4,438 फूट मागे पडल्यावर टेकले आणि पाठीमागून 14 नॉटचा वारा होता. पाठचा वारा किती महागात पडतो ते पाहा: हवेतला वेग 140 नॉट असेल तर जमिनीवरचा 154 होतो, आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ते साधारण 21 टक्क्यांनी वाढते. राखीव अंतर असते ते योग्य जागी टेकणाऱ्यासाठी. अर्धी धावपट्टी सोडून टेकल्यावर 60 टक्क्यांच्या हिशोबाला अर्थ उरत नाही. ही दोन्ही ठिकाणे टेकडी सपाट करून बांधलेली असल्यामुळे पुढे दरी होती; मंगळूरला 158 आणि कोळिकोडला 21 जीव गेले. मुंबईत पुढे गवत आणि चिखल होता.

जुना_मनोरा यांचे उत्तर

चर्चा वाचून राहवले नाही. मी हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे दिशेबद्दल दोन शब्द लिहितो, कारण वरच्या सगळ्या हिशोबात ती गृहीत धरलेली आहे.

27 हा आकडा धावपट्टीची चुंबकीय दिशा दाखवतो, म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड. तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून 09 होते. विमान उडताना आणि उतरतानाही वाऱ्याकडे तोंड करून असते. नवख्यांना यातले दुसरे पटत नाही, पण दोन्हींचे कारण एकच आहे. समोरून 15 नॉटचा वारा असेल तर 150 नॉटला उचलणाऱ्या विमानाला जमिनीवर 135 नॉटच गाठावे लागतात, आणि वर्गाच्या हिशोबाने धावण्याचे अंतर जवळजवळ 19 टक्क्यांनी कमी होते. पावसाळ्यात मुंबईला वारा समुद्रावरून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने येऊन 27 वर उतरतात आणि जुहूवरून समुद्राकडे निघून जातात. मुलुंडकर, जुलैत आपणही बहुधा असेच आला असाल.

मुंबईला दुसरी धावपट्टी आहे, 14-32, सुमारे 2,871 मीटरची. पण त्या दोन्ही एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला 46 च्या आसपास विमाने एका पट्टीवरून हलवायची, म्हणजे सरासरी 78 सेकंदांना एक. 136 टनांवरच्या जड विमानामागे हवेत भोवरे उठतात, म्हणून त्याच्यामागून मध्यम विमान उतरत असेल तर मध्ये पाच सागरी मैल सोडावे लागतात. रात्री युरोप-अमेरिकेची जड विमाने एकामागून एक असली की मनोऱ्यावरच्या माणसाचा चहा थंड होतो, तो यामुळे. धावपट्टी लांबीला पुरते. कमी पडतो तो तिच्यावरचा वेळ. उतरलेल्या विमानाने तिरक्या बाहेरवाटेने पन्नास सेकंदांत पट्टी सोडली तर मागच्याला जागा मिळते. दहा सेकंद जास्त घेतली तर मागचे विमान पुन्हा वर पाठवावे लागते.

खिडकी_शेजारी यांची भर

जुहूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच रेषेत असलेल्या जुहूच्या छोट्या विमानतळाला सांताक्रूझ समजून मोठी विमाने उतरल्याचे प्रसंग घडलेले आहेत. जुलै 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट तिथे उतरले, आणि सप्टेंबर 1972 मध्ये जपानचे डीसी-8. जुहूची मुख्य धावपट्टी आज 1,143 मीटर आहे. डीसी-8 पट्टीबाहेर गेले, पण कॉमेट सुमारे नऊ दिवसांनी तिथूनच उडवून बाहेर काढण्यात आले.

अमेरिकेत नोव्हेंबर 2013 मध्ये विचिटा इथे असेच घडले. विमानाचे सुटे भाग वाहून नेणारे, फुगवलेल्या पाठीचे बोइंग 747 चुकून शेजारच्या जबारा विमानतळावर उतरले. तिथली धावपट्टी 6,101 फूट, म्हणजे 1,860 मीटर. दुसऱ्या दिवशी ते थोड्या इंधनावर तिथूनच उडाले. व्योमगणित यांनी वजनाचे जे लिहिले आहे, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

व्योमगणित यांचे उत्तर

उत्तम दाखला. फक्त त्यात एक पुस्ती जोडतो: रिकामे विमान छोट्या पट्टीवरून उडते, पण रिकाम्या विमानाचे तिकीट कोणी काढत नाही. पुण्याचे उत्तर याच्यातच आहे.

पुण्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर आहे आणि ती समुद्रसपाटीपासून 592 मीटर उंचावर आहे. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे पंखांना उचल आणि इंजिनांना ताकद दोन्ही कमी मिळते. धावपट्टी आखताना दर 300 मीटर उंचीला लांबी 7 टक्क्यांनी वाढवावी असा ठोकताळा आहे, म्हणजे पुण्याचे अडीच किलोमीटर हे समुद्रकाठच्या सव्वादोनच्या आसपासच भरतात. शिवाय प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढे टक्के आणखी वाढवायचे. पुण्याच्या उंचीला प्रमाण तापमान सुमारे 11 अंश येते. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर असेल, तर पुढचा हिशोब आपणच करून पाहावा. अमेरिकेपर्यंतचे इंधन भरून 777 तिथून उचलणे शक्य नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, हे आणखी एक कारण. पण ते नसते तरी हवेचा हिशोब बदलला नसता.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांचा पत्ता घेतला असता तर हा धागा पाठवला असता. आता एकच विचारतो. उड्डाणाच्या वेळी इंजिन बिघडून व्ही-वनच्या अगदी काठावर थांबायचे ठरवले, तर साडेतीनशे टनांच्या विमानाचे ब्रेक ते सोसतात का?

ढगाआड यांचे उत्तर

सोसतात, पण त्यानंतर ते ब्रेक टाकूनच द्यावे लागतात. नव्या विमानाच्या चाचणीत मुद्दाम झिजवलेले ब्रेक लावून, पूर्ण वजनाने, उलट्या झोताशिवाय हा प्रयोग करतात. ब्रेक लालभडक होतात, चाकांमधली खास बुचे वितळून टायर हवा सोडून बसतात, म्हणजे ते फुटत नाहीत, आणि अग्निशमन दलाने पहिली पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहायचे असते. तेवढ्या वेळात आग पसरली नाही तरच विमान उत्तीर्ण होते.

पुढच्या खेपेला पंखाच्या थोडी मागची खिडकी मागून घ्या. टेकल्या टेकल्या स्पॉइलर उभे राहतात ते तिथून स्पष्ट दिसते. पावसाळ्यात चाकांचा धक्का बसल्यापासून ते पूर्ण उभे राहीपर्यंत आकडे मोजायला सुरुवात करा. दोनच्या पुढे जाण्याची वेळ सहसा येत नाही.